आयलंड बीच स्टेट पार्क: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

पहिल्या खेपेला सीगलने आमच्या हातातला बटाटेवडा उचलून नेला. चांगली तिखट चटणी लावलेला होता, तरी. त्याच्या मागोमाग आलेल्याने डबाच वाळूत उलटा केला. मग लक्षात आलं की सर्वांत जवळचं दुकान गेटच्याही बाहेर, कित्येक मैल मागे राहिलंय. न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर एवढा लांब मोकळा पट्टा सापडणं मुळातच नवलाचं. तिथे केव्हा जायचं, काय न्यायचं आणि काय टाळायचं हे कोणी आधी सांगितलं असतं, तर निदान वडे वाचले असते.

एडिसन, जर्सी सिटी, प्लेन्सबरो अशा भागांत नुकत्याच राहायला आलेल्यांसाठी हे लिहितोय. ज्यांना समुद्र म्हणजे जुहू, अलिबाग, गणपतीपुळे एवढंच ठाऊक आहे, त्यांच्यासाठी तर खास.

जायच्या आधी: ही जागा नेमकी काय आहे

नकाशा उघडा. न्यू जर्सीच्या पूर्व कडेला समुद्र आणि बार्नेगट बे ही खाडी यांच्या मधोमध वाळूची एक अरुंद पट्टी उत्तर-दक्षिण लोंबताना दिसेल. तिचं दक्षिणेचं टोक म्हणजे हे उद्यान. लांबी सुमारे 10 मैल, क्षेत्रफळ 3,000 एकरांच्या आसपास. आत एकच रस्ता. डावीकडे वाळूच्या टेकड्या आणि त्यापलीकडे अटलांटिक, उजवीकडे झुडपं, दलदल आणि खाडी.

नाव ‘आयलंड’ असलं तरी हे आज बेट नाही. 1750 च्या सुमाराला एका वादळात समुद्राने उत्तरेकडे ही पट्टी फोडली आणि क्रॅनबेरी इनलेट नावाचं मुख तयार झालं, म्हणजे तेव्हा हे खरंच बेट होतं. त्यातून जहाजं आत येऊ लागली, टॉम्स रिव्हर हे बंदर झालं, आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांची जहाजं लुटणारे खाजगी नौकावाले तिथूनच निघायचे. 1812 साली वाळूने ते मुख परत बुजलं आणि टॉम्स रिव्हरचा थेट समुद्राशी असलेला संबंध तुटला. इथल्या बाजारपेठांचं नशीब वाळूच्या हातात असणं हे तेव्हापासून चालू आहे.

दिवस आणि वेळ निवडा

इथे बहुतेकांचं गणित चुकतं. जुलै-ऑगस्टमधल्या शनिवार-रविवारी वाहनतळ भरले की गेट बंद होतं, आणि ते सकाळीच होऊ शकतं. ‘पोहे खाऊन, आरामात अकराला निघू’ म्हणाल तर गेटअलीकडच्या सीसाइड गावांतल्या गाड्यांच्या रांगेत बसून परत याल. उन्हाळ्यातला शनिवार-रविवारच हवा असेल, तर आठच्या आत गेटवर पोचायचं. म्हणजे एडिसनहून साडेसहाला निघायचं आणि पोहे डब्यात. गेट बंद आहे का, हे निघण्यापूर्वी राज्याच्या उद्यान विभागाच्या संकेतस्थळावर बघता येतं.

माझं मत विचाराल तर सप्टेंबर. लेबर डे (सप्टेंबरचा पहिला सोमवार) उलटला की गर्दी ओसरते, पण समुद्र तापायला उन्हाळाभर वेळ लागलेला असतो, त्यामुळे पाणी अजून उबदार असतं. मे-जूनमध्ये नेमकं उलटं. बाहेर घाम निघतोय आणि पाणी मात्र फ्रिजमधल्यासारखं. जुलैच्या ऐन उकाड्यातही कधी कधी पाणी एकाएकी गार पडतं, कारण नैर्ऋत्येचा वारा दोन-तीन दिवस वाहिला की वरचं गरम पाणी बाहेर सरकतं आणि खालचं थंड पाणी वर येतं. अरबी समुद्राच्या कोमट पाण्याची सवय असलेल्यांची पहिल्या लाटेलाच किंकाळी निघते.

आणखी एक बारीक गोष्ट म्हणजे वाऱ्याची दिशा. जुलै-ऑगस्टमध्ये पश्चिमेचा, म्हणजे खाडीकडून येणारा वारा असेल, तर दलदलीतल्या हिरव्या डोळ्यांच्या माश्या किनाऱ्यावर येतात. त्या कडकडून चावतात, कपड्यांवरूनसुद्धा. हवामानाच्या ॲपवर पाऊस बघतो तसा वारा बघा.

तिथे पोचणं आणि पैसे

गार्डन स्टेट पार्कवेने दक्षिणेला, एक्झिट 82, मग रूट 37 ने पूर्वेला. खाडीवरचा पूल ओलांडला की सीसाइड हाइट्स. तिथून उजवीकडे वळून रूट 35 ने सीसाइड पार्क पार करत गेलं की रस्ता थेट उद्यानाच्या गेटवर संपतो. रहदारी नसेल तर एडिसनहून सव्वा तास, असेल तर विचारू नका.

आता हिशेब. न्यू जर्सीच्या बहुतेक किनारी गावांत उन्हाळ्यात वाळूवर जायला माणशी ‘बीच बॅज’ घ्यावा लागतो, आणि बऱ्याच ठिकाणी दिवसाला दहा डॉलर किंवा त्याहून जास्त पडतात. पार्किंग वेगळं. या उद्यानात मात्र पैसे गाडीमागे आहेत. गेली काही वर्षं उन्हाळ्यात न्यू जर्सीच्या गाडीला एरवीच्या दिवशी 6 आणि शनिवार-रविवारी 12 डॉलर, बाहेरच्या राज्यातल्या गाडीला 12 आणि 20 असा दर आहे. आई-बाबा भारतातून आलेले, दोन मुलं, तुम्ही दोघं, सगळे एका गाडीत. हिशेब तुम्हीच करा. वर्षातून चार-पाच वेळा जाणार असाल तर राज्याचा वार्षिक पास घ्या. तो इतर राज्य उद्यानांनाही चालतो. निघण्यापूर्वी चालू दर एकदा तपासा.

सामान

पोहण्याच्या दोन मुख्य जागांजवळ शौचालयं, शॉवर आणि हंगामात खाण्याची खिडकी असते. त्याच्या पुढे दक्षिणेला काही नाही. झाड नाही, सावली नाही, नळ नाही. त्यामुळे:

पाणी वाटतं त्याच्या दुप्पट. छत्री, आणि ती वाळूत हातभर खोल रोवण्याची तयारी, कारण सुटलेली छत्री भाल्यासारखी जाते. झाकणाचे डबे. (वरची वड्यांची गोष्ट आठवा.) सनस्क्रीन, ‘आपल्याला काय होतंय’ म्हणणाऱ्यांसाठीसुद्धा. खांद्याची सालं निघाली की कळतं. रिकाम्या पिशव्या हव्यातच, कारण आपला कचरा आपणच घरी न्यायचा असतो, केराची टोपली शोधू नका. दारू चालत नाही, सिगारेटवर किनाऱ्यांवर 2019 पासून बंदी आहे. कोळशाची शेगडी पोहण्याच्या भागात चालत नाही. दक्षिणेच्या किनाऱ्यावर, टेकड्यांपासून लांब लावता येते. कुठे ते गेटवरच विचारून घ्या.

भेळेचं साहित्य सुटं नेलं तर उत्तम. वाळू कोरड्या कुरमुऱ्यांत गेली तर पाखडता येते, कालवलेल्या भेळेत गेली तर संपलं.

पाण्यात उतरताना

हा भाग वरवर वाचू नका. पोहायचं ते फक्त जीवरक्षक बसलेले असतात तिथे, आणि ते बसलेले असतात त्याच वेळात. मोकळा किनारा दिसला म्हणून पुढे जाऊन उतरायचं नाही. आपल्याकडची गुडघाभर पाण्यात उभं राहून फोटो काढायची सवय इथे महागात पडते. लाट अगदी कडेलाच आपटते आणि माघारी जाताना पायाखालची वाळू ओढून नेते. जीन्स किंवा सलवार भिजली की तिचंच वजन होतं.

रिप करंट म्हणजे किनाऱ्यावर आलेलं पाणी एका अरुंद वाटेने जोरात परत समुद्रात जाणं. लाटांच्या रांगेत मध्येच एक शांत, गढूळ पट्टा दिसला तर ती बहुधा हीच वाट असते. नवख्याला नेमकी तीच जागा सुरक्षित वाटते. अडकलात तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका. दमून बुडणारे तसेच बुडतात. किनाऱ्याला समांतर पोहा, ओढीतून बाहेर पडा, मग आत वळा. पोहता येत नसेल तर तरंगत राहा आणि हात हलवून बोलवा.

टेकड्यांवर चढू नका

प्रत्येक नवीन माणसाला वाळूच्या टेकडीवर चढून फोटो काढायचा असतो. चढायचं नाही. आखून दिलेल्या वाटेनेच किनाऱ्यावर जायचं. कोकणात पुळणीवर मर्यादावेल बघितली असेल, जांभळी फुलं, वाळूला घट्ट धरून ठेवणारी. इथे ते काम बीचग्रास नावाचं गवत करतं. वाऱ्याने त्याच्यावर वाळू टाकली की ते मरत नाही, त्या वाळूतून आणखी वर येतं, आणि अशी टेकडी वाढते. पण माणसाच्या पायाखाली ते टिकत नाही. दहा जण एकाच वाटेने गेले की तिथे गवत मरतं, वाळू उडते, आणि पुढच्या वादळात पाणी नेमकं त्या खिंडीतून येतं.

हे नुसतं निसर्गप्रेम नाही, इथल्या गावांच्या खिशाचा प्रश्न आहे. 29 ऑक्टोबर 2012 ला सँडी वादळ आलं तेव्हा उत्तरेला मँटोलोकिंगमध्ये समुद्राने पट्टी फोडून थेट खाडी गाठली. घरं गेली, रूट 35 उखडला. सीसाइड हाइट्सचा रोलर कोस्टर समुद्रात जाऊन उभा राहिला, तो फोटो तुम्ही पाहिला असेल. उद्यानाच्या गेटच्या थोडं अलीकडे मिडवे बीच नावाची छोट्या बंगल्यांची वसाहत आहे. तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं कुंपणं घालून, गवत लावून टेकड्या वाढवल्या होत्या. समुद्र दिसत नाही म्हणून शेजारीपाजारी कुरकुरतील, एवढ्या उंच या टेकड्या. ती वसाहत वाचली.

दक्षिणेला जाताना वाटेत

आंघोळ-खाणं झालं की गाडी काढा आणि रस्त्याच्या शेवटपर्यंत जा. बहुतेक मंडळी हे करत नाहीत आणि उद्यान पाहिल्याचं सांगतात.

वाटेत समुद्राच्या बाजूला एक मोठं घर लागतं. ते राज्याच्या गव्हर्नरचं उन्हाळी निवासस्थान. 2017 च्या जुलैत अंदाजपत्रकावरून राज्य सरकारचं कामकाज ठप्प होतं आणि राज्य उद्यानं लोकांना बंद होती. तेव्हाचे गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी मात्र कुटुंबासह या घरासमोरच्या निर्मनुष्य वाळूत खुर्च्या टाकून बसलेले एका विमानातून टिपले गेले. ते फोटो राज्यभर गाजले.

घर मात्र त्याहून जुनं आहे. पोलाद उद्योगातले अँड्र्यू कार्नेगींचे भागीदार हेन्री फिप्स यांनी 1926 मध्ये ही सगळी पट्टी विकत घेतली, श्रीमंतांसाठी मोठं विश्रामस्थान उभारायचं म्हणून. तीन घरं उभी राहिली आणि 1929 ला शेअर बाजार कोसळला. 1930 मध्ये फिप्स वारले. बेत बारगळला. वाहून आलेल्या फळकुटांच्या झोपड्या बांधून राहणारे मच्छीमार आणि हौशी लोक मात्र राहिले. 1933 ते 1965 या काळात आयलंड बीच नावाची स्वतंत्र नगरपालिकाही कागदावर होती. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने ही जागा घेतली आणि 1945 मध्ये ‘ऑपरेशन बम्बलबी’ या मोहिमेखाली रॅमजेट (समोरून घुसणाऱ्या हवेच्या दाबावर चालणारं इंजिन) क्षेपणास्त्रांच्या चाचण्या इथूनच झाल्या. 1953 मध्ये राज्याने फिप्स कुटुंबाकडून ही जमीन 27.5 लाख डॉलरना घेतली, आणि 1959 पासून ती लोकांसाठी उघडली. आज शेजारच्या सीसाइड पार्कमध्ये समुद्रासमोरच्या एखाद-दुसऱ्या घरातच एवढी रक्कम संपेल. ती घरं महाग का, तर शेजारी दहा मैल काहीच बांधलेलं नाही म्हणूनही. उद्यानात न मिळणारं सगळं, म्हणजे पिझ्झा, आमिषाचे मासे, भाड्याच्या खोल्या, आइस्क्रीम, लोक गेटबाहेरच्या गावांत घेतात. त्यातली बरीच दुकानं मे ते सप्टेंबरच्या कमाईवर वर्ष काढतात. जानेवारीत जाऊन बघा, निम्मी शटरं खाली.

थोडं पुढे फोर्क्ड रिव्हरचं जुनं जीवरक्षण केंद्र आहे, आता तिथे माहितीकेंद्र चालतं. उघडं असेल तर थांबाच. बार्नेगटजवळच्या उथळ वाळूत जहाजं रुतून फुटायची. 1839 मध्ये लाँग बीचजवळ एक ऑस्ट्रियन जहाज फुटलं आणि किनाऱ्यावर उभ्या असलेल्या डॉक्टर विल्यम नेवेल यांच्यादेखत 13 खलाशी बुडाले. मधे अंतर फार नव्हतं, पण दोर पोचवायचा कसा? पुढे नेवेल अमेरिकी संसदेत गेले आणि 1848 मध्ये न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर बचावाच्या नौका व साधनं ठेवण्यासाठी त्यांनी 10,000 डॉलर मंजूर करून घेतले. अमेरिकेच्या जीवरक्षण सेवेची ही सुरुवात. पद्धत मोठी सुंदर. छोट्या तोफेतून बारीक दोरी बांधलेला गोळा जहाजावरून पलीकडे जाईल असा उडवायचा. खलाशांनी ती ओढायची, तिच्या मागून जाड दोर येतो, तो डोलकाठीला बांधायचा. मग त्या दोरावरून चड्डी शिवलेला एक रिंगण-फुगा कप्पीने सरकवायचा. त्यात पाय घालून एकेक माणूस लाटांवरून लोंबकळत किनाऱ्यावर.

पक्षी, कोल्हे आणि खाडीची बाजू

उजव्या हाताला स्पिझल क्रीकची पायवाट लागेल, शेवटी पक्षी बघायला लाकडी आडोसा आहे. इथे ऑस्प्रे बघा, आपल्याकडे हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या पाण्यावर येतो तोच मासे मारणारा शिकारी पक्षी. खांबांवरच्या माच्यांवर त्याची काटक्यांची ढीगभर घरटी असतात. डीडीटी या कीटकनाशकामुळे अंड्यांची कवचं पातळ होऊन 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला राज्यात जेमतेम 50 घरटी उरली होती. 1972 ला डीडीटीवर बंदी आली, माणसांनी माच्या उभारल्या, आणि आता घरटी कित्येक शेकड्यांत आहेत.

तांबडे कोल्हे वाहनतळावर गाडीच्या दारापर्यंत येतात. मुलं खूश होतात, पण खायला द्यायचं नाही, तो नियमभंग आहे. शिवाय माणसाच्या हाताला सोकावलेला कोल्हा रस्त्यावर येतो आणि गाडीखाली जातो. पायवाटेवरून आल्यावर पायांवर, गुडघ्यांच्या मागे गोचीड आहे का ते बघा. इथल्या गोचिडांमुळे लाइम रोग होतो. तीन पानांची तकतकीत वेल दिसली तर हात लावू नका, पॉयझन आयव्हीने आठवडाभर खाज सुटते.

मासे आणि चिंबोऱ्या

गळ टाकायचा असेल तर समुद्रातल्या मासेमारीसाठी न्यू जर्सीत परवान्याचे पैसे नाहीत, पण वर्षाची मोफत ऑनलाइन नोंदणी करावी लागते. पाच मिनिटांचं काम आहे, करून टाका. कोणता मासा किती इंचांचा आणि किती ठेवता येतो याचे नियम कडक असतात आणि दर वर्षी बदलू शकतात, म्हणून फूटपट्टी जवळ हवी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये स्ट्राइप्ड बास किनाऱ्यालगत दक्षिणेला जातो, तेव्हा पहाटेपासून गळवाल्यांची रांग दिसते. फ्लूक हा आपल्या लेपाच्या जातकुळीतला चपटा मासा, रव्यात तळला की घरची आठवण येते. ब्लूफिश बांगड्यासारखा तेलकट, त्याला आंबट-तिखटच हवं.

खाडीच्या बाजूला निळ्या नांग्यांच्या चिंबोऱ्या मिळतात. सुतळीला कोंबडीचं तंगडं बांधून सोडायचं आणि हळू ओढायचं, खालून जाळी. अंडी असलेली मादी परत सोडावीच लागते. शिंपल्यांसाठी मात्र वेगळा परवाना लागतो, उगाच उकरत बसू नका.

वाळूवर चालणाऱ्या मोठ्या गाड्या बघून मोह होईल. ती सोय मासेमारीसाठी आहे, वेगळा परवाना, फोर-व्हील ड्राइव्ह, दोर, फावडं, टायरची हवा मोजायचं यंत्र असं सगळं लागतं. पहिल्या वर्षी त्या फंदात पडू नका.

टोकापर्यंत

रस्ता संपतो तिथे गाडी लावून दक्षिणेला वाळूतून दीडेक मैल चाललं की बार्नेगट इनलेट. ‘बार्नेगट’ हे मूळ डच नाव, फुटणाऱ्या लाटांचं मुख अशा अर्थाचं. इथे पाण्यात अजिबात उतरायचं नाही, भरती-ओहोटीचा सगळा लोंढा या चिंचोळ्या वाटेने जातो. पलीकडे लाल-पांढरं दीपगृह दिसतं, 1859 च्या पहिल्या दिवशी पेटलेलं, 217 पायऱ्यांचं. ज्यांनी ते आखलं ते जॉर्ज मीड पुढे अमेरिकेच्या यादवी युद्धात, गेटिसबर्गच्या लढाईत उत्तरेच्या सैन्याचे सेनापती होते. मुलं विचारतील, तिकडे जाऊया का? हाकेच्या अंतरावर दिसतंय, पण गाडीने पन्नासेक मैलांचा वळसा आहे. दाभोळ-धोपाव्याला फेरीबोटीत गाडी चढवून पलीकडे उतरतो तशी इथे सोय नाही. दीपगृह दुसऱ्या सुट्टीसाठी ठेवा. तिथेच शेजारी मच्छीमार बोटींचा धक्का आहे, ताजे स्कॅलप्स मिळतात.

परत येताना उजेड असेपर्यंतच निघा, वाळूतला दीड मैल येताना दुप्पट वाटतो. संध्याकाळी पाच-सहाला सगळ्या गाड्या एकदम रूट 37 च्या पुलावर येतात. त्यापेक्षा गेट बंद व्हायची वेळ आधी बघून ठेवा आणि खाडीच्या बाजूला थांबा. कोकणात सूर्य समुद्रात बुडतो, इथे तो समुद्रातून उगवतो आणि मावळतो खाडीत, त्यामुळे पाठीमागे अटलांटिक आणि समोर सूर्यास्त असा उलटा मामला असतो. थर्मासमध्ये चहा उरवून ठेवा, आणि गाडीत बसायच्या आधी सगळ्यांचे पाय बाटलीतल्या पाण्याने धुवून घ्या. आमच्या गाडीच्या सीटखाली गेल्या सप्टेंबरची वाळू अजून आहे.